प्रश्नचिन्ह

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार. मैत्रिणीच्या मोठ्या भावाची अँजिओप्लास्टी झाली, उद्या डिस्चार्ज. तिने रिपोर्टचे फोटो पाठवले. इको आहे, कोलेस्टेरॉल आहे, क्रिएटिनिन आहे. तीन महिन्यांची शुगर नाही. विचारलं तर म्हणते, "अगं, दादाला कुठे डायबिटीस आहे?"

बाबांच्या वेळी आम्हीही हेच म्हणालो होतो. अगदी याच ठसक्यात.

बाबांना अटॅक आला त्या रात्री त्यांची रँडम शुगर २१२ होती. फाइलच्या तिसऱ्या पानावर निळ्या पेनाने लिहिलेली, भोवती गोल, शेजारी 'स्ट्रेस?'. प्रश्नचिन्हासकट. त्या प्रश्नचिन्हाकडे परत कुणी फिरकलं नाही. स्टेंट बसला, बाबा घरी आले, आम्ही मीठ-तेलावर पहारा बसवला. दोन वर्षांनी त्यांना नवा बूट चावला. टाचेला एवढासा फोड, पाच आठवडे झाले तरी भरेना. तेव्हा कुठे एचबीएवनसी, म्हणजे तीच तीन महिन्यांची शुगर, केली. ९.८.

ताणाने साखर चढते, मान्य. अटॅकमध्ये कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन उसळतं आणि यकृत साखर सोडत सुटतं. अहो, पण म्हणूनच तर ही टेस्ट करायची! त्या एका रात्रीच्या गोंधळाने ती फारशी हलत नाही, मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगते. ६.५ किंवा वर म्हणजे डायबिटीस, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. ॲनिमिया असला किंवा रक्त चढवलं असलं की हा आकडा फसवतो, तेही मान्य; मग थोडं सावरल्यावर ग्लुकोज पिऊन दोन तासांनी तपासा. पण काहीतरी करा! रक्त तर रोज काढतच होतात की.

आणि हे काही कालपरवाचं ज्ञान नाही. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी डायबिटीस माहीत नसलेल्या अटॅकच्या रुग्णांना असंच ग्लुकोज पाजून तपासलं होतं. तिघांतल्या जवळपास दोघांची साखर बिघडलेली निघाली. 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, २००२ साली!

बाबांच्या छातीत तर दुखलंही नव्हतं. नुसता घाम आणि दम. डायबिटीसमध्ये नसा बधिर होतात, अटॅक असाही मुका येऊ शकतो, हे मला टाचेच्या ड्रेसिंगच्या रांगेत बसून कळलं. डायबिटीसच्या हल्लीच्या काही औषधांनी हृदयालाही आधार मिळतो, हेही तिथेच. दोन वर्षं ती बाबांना मिळू शकली असती.

त्या रात्रीच्या डॉक्टरांवर राग नाही. म्हणजे आहे, पण थोडा. पहाटेपर्यंत ते हलले नव्हते, बाबा त्यांच्यामुळेच परत आले. आणि खरं सांगू? ती फाइल दर फॉलोअपला मीच काखोटीला मारून नेत होते. तिसरं पान मीही कधी उलटलं नाही.

टाच भरली आता. खड्डा राहिलाय, बोट टेकेल एवढा. रोज रात्री मी टॉर्च घेऊन बघते, बाबा वैतागतात.

हे लिहीत असतानाच मैत्रिणीचा मेसेज आला. डॉक्टर लगेच हो म्हणाले, उद्या सकाळी रक्त घेणार. तर दादाला आज रात्रीपासून उपाशी ठेवायचं का?

नाही गं. या टेस्टला उपाशी राहावं लागत नाही. जेवू दे त्याला.