जिन्यावरून पडला

आमच्या मेडिकलच्या बॅचच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात चांगलीच जुंपली. कोल्हापुरातल्या दोघा-तिघा बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं असं, की मारहाणीचा संशय येईल अशा प्रत्येक लहान मुलाची नोंद, नाव-पत्ता न घालता, सगळ्या दवाखान्यांनी एकाच नमुन्यात ठेवावी. त्यावर राजारामपुरीतल्या माझ्या मैत्रिणीनं लिहिलं, "हे अमेरिकेचं खूळ. आपल्याकडे घरात आजी-आजोबा असतात. उगाच घरांची बदनामी नको." आणि मला उद्देशून, "तुला तिथं बसून बोलायला काय जातंय?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी अमेरिकेत डेन्व्हरला मुलांच्या रुग्णालयात याच नोंदींचं काम करते. याच गावातल्या हेन्री केम्प यांनी सहकाऱ्यांसह १९६२ मध्ये मार खाल्लेल्या मुलांवरचा निबंध छापला. असं पोर आपल्याकडंच कधीतरी एखादं येतं, असं तोवर जो तो डॉक्टर समजायचा. केम्प यांनी देशभर विचारणा केली, तेव्हा ७१ रुग्णालयांतून एका वर्षातली ३०२ मुलं निघाली. त्यातली ३३ दगावली होती. हे शास्त्र उभंच राहिलं ते नोंदी एकत्र आल्यामुळं. अलीकडे, २०२१ मध्ये, पाच इमर्जन्सी विभागांनी मिळून दोन हजारांवर मुलांच्या अंगावरचे काळेनिळे डाग तपासले आणि एक नियम पक्का केला. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर, मानेवर डाग असेल तर थांबून विचार करा. चार महिन्यांचं किंवा त्याहून लहान बाळ असेल, तर डाग कुठंही असो. जे बाळ अजून पालथं पडत नाही, ते आपटणार कुठं?

कोल्हापूरकरांना एकत्र करणं मी काय शिकवणार! गावच्या संस्थेत दूध टाकीत ओतायच्या आधी प्रत्येकाची फॅट एकाच मापानं लागते आणि वहीत चढते. आपल्या केसपेपरवर मात्र एक डॉक्टर 'मुका मार' लिहितो, दुसरा 'सूज', तिसरा नुसतंच 'पडल्याने'. यांची बेरीज कशी करायची?

आजी-आजोबांचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या २००७ च्या अहवालासाठी १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं होतं. ६९ टक्के मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. आणि घरात कुणी डोकावायचं नाही म्हणता? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये शिक्षण सक्तीचं केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड लावला. आपण ते अभिमानानं सांगतो.

बदनामीची भीती मला कळत नाही असं नाही. माझ्या लेकाचा हात मोडला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. सोशल वर्करनं मला एका खोलीत नेलं, नवऱ्याला दुसऱ्या. "राग आला की तुम्ही काय करता?" रोज हेच फॉर्म हाताळणारी मी, मला धड इंग्रजी सुचेना. घरी येऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना वाटलं, कोल्हापुरात मला कुणी असं विचारलं नसतं. गोऱ्या आईला असंच विचारलं असतं का, हेही मनात आलं. काळ्या मुलांच्या मोडलेल्या हाडांवर इथले डॉक्टर जास्त संशय घेतात, हे २००२ मध्ये नोंदी ताडूनच उघड झालं होतं.

पण कोल्हापुरात कुणी विचारलं नसतं, हेच मला आता खातं. इंटर्नशिपच्या रात्रपाळीला अडीच वर्षांचं पोरगं आलं होतं. दोन्ही कान काळेनिळे. आई गप्प, सगळी उत्तरं आजी देत होती. मी लिहिलं, 'जिन्यावरून पडला'. घर आमच्याच गल्लीतलं होतं. त्या घराला जिना नव्हता. मला ते माहीत होतं. पण सकाळी नळावर त्या आजींची आणि माझ्या आईची गाठ पडणार होती.

मला काय जातं, विचारलंस ना? नमुना मी मराठीत उतरवून ठेवलाय. 'घरच्यांनी काय सांगितलं' आणि 'डॉक्टरला काय दिसलं' असे दोन वेगळे रकाने केलेत. डिसेंबरात येतेय. तुझी ओपीडी संपली की दोघी बसून पाहू.