बुरशीला बुरशी कशी लागेल?

काल सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, "टेरेसवर कोणीतरी बुरशी वाळत घातली आहे, लहान मुलांना वर पाठवू नये." खाली अंगठ्यांची रांग. कोणीतरी म्हणजे मी, आणि हे सगळ्यांना माहितीये, कारण बिल्डिंगमध्ये मागच्या खोलीत गव्हाच्या काडाच्या बॅगा टांगून धिंगरी अळंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, काढणारी दुसरी कोण आहे?

आता अळंबीचं कसं असतं, आली की सगळ्या बॅगांना एकदम येते. फ्रिज भरला, शेजारीपाजारी वाटून झालं, तरी टोपलीभर उरली. ताजी अळंबी म्हणजे किलोत नऊशे ग्रॅम पाणीच, बाहेर ठेवली तर दुसऱ्या दिवशी कडा पिवळ्या पडतात, मग चिकट होते आणि मग वासच सांगतो काय ते. म्हणून वाळवायची. त्यात श्रावण. ऊन आलं म्हणून धावत वर जावं तर चौथ्या मजल्यापर्यंत शिरवं हजर. तरी काल सकाळी चक्क कडकडीत पडलं होतं, मी न धुता, उभ्या चिरफाळ्या करून, जुन्या सुती साडीवर एकेक सुटी मांडली, छत्रीखालच्या पाकळ्यांची बाजू वर. आणि काका आले.

काका म्हणजे चारशे दोनमधले. रोज सकाळी टेरेसवर येतात कारण डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व कमी सांगितलंय. बनियनवर खुर्ची टाकून पाठ उन्हाला देऊन बसतात.

"काय गं हे?"

"अळंबी, काका."

"नशेची?"

"नाही हो, भाजीची."

"व्हेज का नॉनव्हेज? श्रावण आहे म्हणून विचारतो."

मी म्हटलं, काका ती वनस्पतीही नाही आणि प्राणीही नाही, बुरशी आहे. झालं! काकांचा चेहरा असा उजळला जणू माझा खटला कोर्टातच निकाली निघाला.

"बुरशी? अगं मग वाळवतेस कशाला?"

"बुरशी लागू नये म्हणून."

काका दोन मिनिटं गप्प. मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "म्हणजे बुरशीला बुरशी लागते?" लागते हो, हिरवी लागते, काळी लागते, ओल राहिली की काहीही लागतं. "मग ती हिरवी बुरशी वाळवली नाही तर तिला कोणती लागेल?" आता यावर माणसाने काय बोलायचं? रिटायर्ड माणसाशी वाद घालू नये, त्यांच्याकडे अख्खा दिवस असतो. मग त्यांच्या आईचे कोहळ्याचे सांडगे आले, तिखटमीठ लावून नुसतं ऊन दाखवलं की वर्षभर टिकायचे म्हणे. मी म्हटलं तुमच्या आई एप्रिलात घालायच्या हो, आत्ता हवेतच इतकं पाणी आहे की वाळलेला तुकडा संध्याकाळी उघडा राहिला तर परत मऊ पडतो. तर काकांनी सरळ एक चिरफाळी उचलली, वाकवली, सोडली, परत वाकवली. "छान लवचिक आहे. झालीये ही, काढ."

इथेच माझं डोकं फिरलं. लवचिक म्हणजे झालेली नाही! वाकवल्यावर कट् करून तुटली पाहिजे. वाकणारी डब्यात भरली की आठवड्यात झाकण उघडल्यावर लव आलेली दिसते, आणि एका तुकड्यापायी अख्खा डबा जातो. भाज्या वाळवायच्या ड्रायरमध्येसुद्धा घाई करून आच वाढवली की वरचं कातडं कडक होतं आणि पाणी आत कोंडतं, वरून कुरकुरीत, आत ओलं. म्हणून पन्नास-पंचावन्न डिग्रीवर दमाने, आणि पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद भरायची, गरम भरली तर डब्यालाच आतून घाम येतो. हे सगळं मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "आमच्या आईकडे डिग्री नव्हती."

हिमाचलात सोलन म्हणून गाव आहे, तिथे केंद्र सरकारची अळंबीवरची संशोधन संस्था आहे, आणि 1997 पासून त्या गावाला देशाचं मशरूम शहर म्हणतात. तिथल्या सोसायट्यांचे ग्रुप कसे असतील असं मला काल दिवसभर वाटत होतं.

बरं, गंमत ऐका. उन्हात पाकळ्या वर करून ठेवलेल्या अळंबीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते काकांना सांगणार होते, म्हटलं तुम्ही आणि ही एकाच कामाला इथे आलाय. पण तोवर काका खाली गेले होते आणि मेसेज पडला होता.

मग सेक्रेटरी. "सामाईक जागेत असे पदार्थ ठेवू नयेत." असे म्हणजे कसे? एप्रिलात याच टेरेसवर पाय ठेवायला जागा नसते, पापड, कुरडया, गहू, आणि मिरच्या तर अशा की तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळे शिंकतात. तेव्हा एक मेसेज नाही. उलट पापड राखायला माझ्याच पोराला काठी देऊन बसवतात. आणि माझी अळंबी म्हणे लहान मुलांना धोका! मेंटेनन्स मी पण भरते, तोही वेळेवर, कोण भरत नाही तेही मला माहितीये पण जाऊ दे.

सगळं गोळा करून खाली आणलं, चाळणीवर पसरून बेडरूममध्ये टेबलफॅनखाली ठेवलं, मग ड्रायरला लावलं. नवरा हॉलमध्ये झोपला. बिल येईल तेव्हा येईल.

आज सकाळी बेल वाजली. काका. सुनेने सूपसाठी मागवलीये, पाव किलो वाळलेली मिळेल का. मी भाव सांगितला. काका दारातच थबकले. मी समजावलं, दहा किलो ताजीची जेमतेम किलोभर वाळते काका, पाव किलो म्हणजे तुमच्यासाठी अडीच किलो गेली.

"पण पाणी तर उडून गेलं ना," काका म्हणाले, "मग भाव कमी व्हायला पाहिजे."