मनुका किती पितात?

आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक काचेची बरणी आहे. तिच्यावर मार्करने चार रेघा मारल्यात, प्रत्येक रेघेशेजारी तारीख, अक्षर नवऱ्याचं. चौथी रेघ मारली त्या रात्री जेवताना त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "घरात कुणीतरी पितंय."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. आमचे अकरा वर्षांचे चिरंजीव सरसावून बसले. इतका रस त्यांनी गणितात कधी घेतला नव्हता.

बरणीत रम होती. रममध्ये मनुका, बेदाणे, सुके अंजीर, खजूर आणि साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या साली, सगळं नाताळच्या फ्रूटकेकसाठी भिजत घातलेलं. दोन-तीन दिवस उलटले की रमची पातळी खाली. आणि आमच्याकडे पिणारं कुणी नाही. निदान तोपर्यंत तसा समज होता.

पण बरणी हा मधला अंक झाला. खरा छळ त्याच्या आधीचा.

ऑक्टोबरात एका बेसावध क्षणी मी बोलून गेले, "यंदा केक घरीच करू." मला वाटलं होतं, मैदा, लोणी, साखर, अंडी, वर मूठभर मनुका, झालं. नवऱ्याने त्याच रात्री अभ्यासाला सुरुवात केली. तो कुठलंही काम करत नाही, कामाचा अभ्यास करतो. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे अख्ख्या जगाचे केक उभे.

पहिला इंग्लिश. काळसर, गच्च. हा महिना-दीड महिना आधी भाजायचा, मग दर आठवड्याला चमचा चमचा ब्रँडी पाजायची, शेवटी मार्झिपानची, म्हणजे बदाम-साखरेच्या लगद्याची, गोधडी आणि तिच्यावर आयसिंगची पांढरी चादर. दुसरा स्कॉटलंडचा डंडी केक, अंगाने हलका, वर सोललेल्या बदामांची एकात एक वर्तुळं. तिसरा कॅरिबियन बेटांवरचा ब्लॅक केक, त्याची फळं रम आणि गोड वाइनमध्ये महिनोन्‌महिने, काही घरांत तर वर्षभर मुरतात आणि मग वाटून त्यांचा लगदा करतात. चौथं जर्मनीतलं श्टोलन. तो मुळात केकच नाही, यीस्ट घालून केलेला फळांचा पाव. नाताळाआधीच्या उपासाच्या दिवसांत लोणी वर्ज्य होतं, म्हणून तो बिचारा तेलात व्हायचा. शेवटी पंधराव्या शतकाच्या अखेरीला थेट पोपकडून लोण्याची परवानगी आणावी लागली.

"बघ," नवरा म्हणाला, "लोण्यासाठी माणसं रोमपर्यंत गेली."

"तू दुकानापर्यंत जा," मी म्हटलं. "आपलं संपलंय."

तो गेला नाही, कारण त्याला तेवढ्यात एमिली डिकिन्सन सापडली. या अमेरिकन कवयित्रीच्या ब्लॅक केकची कृती आजही उपलब्ध आहे. दोन पौंड मैदा, दोन पौंड साखर, दोन पौंड लोणी, पाच पौंड मनुका आणि एकोणीस अंडी. नवऱ्याने कागदावर हिशेब मांडला. पाच पौंड म्हणजे सव्वादोन किलो मनुका. आमचा ओव्हन दार उघडूनही तो केक आत घेऊ शकला नसता. मला मात्र त्या एकोणिसाचं कोडं पडलं. वीस का नाहीत? माझा अंदाज असा की विसावं फोडताना ओट्यावरून खाली गेलं. कवयित्री झाली म्हणून काय झालं, ओटा तोच.

शेवटी ताईला फोन केला. ती वर्षानुवर्षं केक करते आणि तिचा केक उत्तमच होतो. तिची कृती मी शब्दशः लिहून घेतली. "लोणी साधारण. साखर लोण्याच्या मानाने. मैदा बेताचा. फळं भरपूर, म्हणजे अगं, हात थांबेपर्यंत. आणि भाजायचा होईपर्यंत." मी विचारलं, किती वेळ? तर म्हणाली, "वास येतो ना!" हिने दिलेल्या कृतीवर फक्त हीच केक करू शकते, हे माझ्या ध्यानात आलं.

मग खाणाऱ्यांचा कौल घेतला. ही त्याहून मोठी चूक. एकीला अंडं चालत नाही, एकाला दारू चालत नाही, चिरंजीवांना मनुका आवडत नाहीत, नवऱ्याला साल कडू लागते. सगळ्यांचं ऐकलं असतं तर डब्यात मैदा तेवढा उरला असता. सासूबाईंनी आपलं मत एका वाक्यात दिलं, "मी रमचा खाणार नाही, पण माझ्यासाठी वेगळा करू नकोस." या वाक्याचा अर्थ लग्नाला चौदा वर्षं झाल्यामुळे मला बरोबर कळला. एक मोठा रमचा आणि एक छोटा संत्र्याच्या रसातला, असे दोन केक ठरले. रसातला फार टिकत नाही, म्हणून तो ऐन नाताळच्या तोंडावर करायचा.

रमवरूनही एक चकमक झडलीच. नवरा आईची समजूत घालत होता, "अगं, भाजताना सगळी उडून जाते." फोनवर ताई होती, फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "सगळी काही उडत नाही हो. आणि भाजून झाल्यावर दर आठवड्याला पाजायची ती कुठल्या वाटेने उडते?" सासूबाईंनी आपल्या मुलाकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, पाहिलं. त्याने बरणीकडे पाहिलं.

आता ती बरणी. चौथ्या रेघेनंतर रीतसर चौकशी सुरू झाली. संशयित चार, त्यांतला एक स्वतःच पोलीस. मी जाता येता झाकण हुंगत असे, म्हणून माझ्यावर पहिला संशय. सासूबाईंनी "मला विचारायची हिंमत कशी झाली" असा चेहरा केला, त्यामुळे त्यांना कुणी विचारलं नाही. प्रकरण तीन दिवस चाललं. शेवटी मुलाने खुर्चीवर चढून बरणीला नाक लावलं आणि म्हणाला, "बाबा, मनुका बघा ना कसल्या जाड झाल्यात."

खरंच. भिजत घातल्या तेव्हा सुरकुतलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या होत्या. आता गोल, तुकतुकीत, पोट सुटलेल्या. रमची रेघ खाली गेली होती आणि फळांची चढली होती. कुणी पीत नव्हतं, मनुका पीत होत्या. सुकलेलं फळ ते, मिळेल तो द्रव ओढून घेणारच. चार शिकलेली माणसं तीन दिवस एकमेकांचे श्वास हुंगत बसली, हे मात्र फळशास्त्रात बसत नाही.

भाजायचा मुहूर्त नवऱ्याने काढला. इंग्लंडमध्ये ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चारेक आठवड्यांच्या, आधीच्या शेवटच्या रविवाराला 'स्टर-अप संडे' म्हणतात. त्या दिवशीच्या प्रार्थनेची सुरुवातच 'स्टर अप' या शब्दांनी होते. देवाला विनवणी अशी की आमची मनं जरा हलव. चर्चमधून परतणाऱ्या मंडळींना मात्र त्यात 'ढवळा' एवढंच ऐकू आलं असावं, कारण घरी जाऊन ती नाताळचं पुडिंग ढवळायला घेत. घरातल्या प्रत्येकाने एकेकदा ढवळायचं आणि मनात काही मागायचं, अशी रीत. आमच्याकडेही सगळ्यांनी ढवळलं. मी एवढंच मागितलं की यांनी आता स्वयंपाकघरातून बाहेर जावं.

मागणं फळाला आलं नाही. नवरा कॅरॅमलपाशी उभा राहिला. केकला तो काळा रंग यावा म्हणून साखर जाळायची असते, पण जाळायची म्हणजे किती, इथेच सगळी मेख. साखर आधी वितळते, मग मधासारखी होते, मग तांबूस, मग दोन क्षण सुरेख तपकिरी आणि तिसऱ्या क्षणी डांबर. त्या दोन क्षणांत नवऱ्याने विचारलं, "थर्मामीटर कुठंय?" पहिलं पातेलं गेलं. दुसऱ्यात गरम पाणी ओतताना असा फणकारा उठला की सासूबाई देवाचं नाव घेत मागे सरल्या. तिसरं जमलं.

लोणी आणि साखर फेसून झाली, अंडी घातली आणि मिश्रण फुटलं. अंडी थेट फ्रिजमधली होती. गार अंडं मऊ लोण्यात गेलं की लोणी आकसतं आणि सगळ्याचा दाणेदार चोथा दिसायला लागतो. त्यावर उतारा सोपा, चमचाभर मैदा टाकून फेटत राहायचं. पण ते माहीत असूनही त्या क्षणी पोटात गोळा येतोच. फळांना मैद्यात घोळवलं की ती तळाशी बसत नाहीत, असं सगळे सांगतात. खरी गोष्ट अशी की मिश्रण दाट असेल तर ती बसत नाहीत, पातळ असेल तर घोळवा नाहीतर आंघोळ घाला. चेरी मात्र मी पाकातून काढून तशाच टाकल्या, ना धुतल्या, ना पुसल्या, ना चिरल्या. त्यांचं पुढे येईलच.

डब्याला आतून बटर पेपरचे दोन थर आणि बाहेरून जाड खाकी कागद, त्यावर सुतळी. मंद आचेवर तीन-साडेतीन तास काढायचे तर कडा करपू नयेत म्हणून हा बंदोबस्त. डबा तयार झाला तेव्हा तो पोस्टात टाकायला निघालाय असा दिसत होता. ओव्हन 150 अंशांवर.

आणि मग ती सळई. केक झाला का हे बघायला मधोमध सळई खुपसायची, स्वच्छ निघाली की झाला. साध्या केकला ठीक आहे. फ्रूटकेकमध्ये सळई जाते ती नेमकी एका मनुकेतून. बाहेर आली ती चिकट. हे कच्चं पीठ की पिकलेली मनुका? नवऱ्याने भिंगातून पाहिलं. मी चाटून पाहिलं. मुलगा म्हणाला, दुसरीकडे खुपसा. दुसरीकडे खजूर निघाला. सहा भोकं पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "वास आलाय, काढ आता." ताईची कृती शेवटी इथे उपयोगी पडली.

गार झाल्यावर केक बटर पेपरात आणि त्यावरून फॉइलमध्ये गुंडाळला. नुसती फॉइल नको, फळांतल्या आंबटपणाने ती खराब होते. मग आठवड्याचं पाजणं सुरू झालं. सहा भोकं आयतीच होती. पाजताना नवरा केकच्या आयुर्मानावर बोलायचा. 2017 मध्ये अंटार्क्टिकावर केप अडेरच्या झोपडीत पत्र्याच्या डब्यात एक फ्रूटकेक सापडला, बहुधा दक्षिण ध्रुवावर निघालेल्या ब्रिटिश कॅप्टन स्कॉटच्या 1910 सालच्या मोहिमेतला, आणि शंभर वर्षांनंतरही जवळजवळ खाण्याजोगा दिसत होता. थंडी होतीच, पण एरवीही इतक्या साखरेत जंतूंना वापरायला पाणीच उरत नाही, वगैरे वगैरे. "शंभर वर्षं टिकला!"

"टिकला म्हणजे कुणी खाल्ला नाही ना," सासूबाई म्हणाल्या.

यावर अजून उत्तर सापडलेलं नाही.

नाताळच्या सकाळी कापला. मार्झिपान आणि आयसिंग बेत म्हणूनच राहिले, त्याची हळहळ एकट्या नवऱ्याला. काप काळा, ओलसर, चमकदार आला, फक्त सगळ्या चेरी तळाशी एका रांगेत बसलेल्या, जणू सभेला उशिरा आलेली मंडळी. मनुका न आवडणाऱ्या मुलाने दोन काप खाल्ले. सासूबाईंचा छोटा केक संध्याकाळपर्यंत संपला, त्याचं श्रेय त्यांनी पाहुण्यांना दिलं. पाहुणे दोनच होते.

उरलेल्या मोठ्या केकचा निम्मा भाग नवऱ्याला पुढच्या नाताळपर्यंत जपून चव बघायची होती. रात्री त्याने कापलेल्या कडेला अगदी लगटून एक टूथपिक टोचली, कुणालाही न सांगता. हे मला ठाऊक आहे, कारण पाणी प्यायला उठले तेव्हा मी ती पाहिली.

सकाळी टूथपिक ताटलीत आडवी पडली होती आणि कड दोन बोटं मागे सरकली होती. नवऱ्याने टेबलाभोवती सगळ्यांकडे पाहिलं. मनुकांवर ढकलण्यासारखं या वेळी काही नव्हतं. मुलगा चमच्याशी खेळत होता, सासूबाईंना अचानक खिडकीबाहेरचं झाड आवडलं होतं, आणि मी चहा ओतायला उठले.