चिरा स्थानिक आहे, पण गिलाव्याचं काय?

कोकणातल्या चिरेबंदी घरांवरचा तुमचा लेख वाचला. स्थानिक दगडाची, पर्यावरणाला धक्का न लावणारी घरं म्हणून केलेलं कौतुक पटलं. चिरा म्हणजे जांभा दगडाचा घडवलेला ठोकळा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की टणक होत जातो. म्हणून तर तो जागेवरच कापून घडवता येतो. पण लेखाच्या फोटोतल्या घराला बाहेरून सिमेंटचा गिलावा कशाला? हा दगड सच्छिद्र. पावसाळ्यात ओल पितो, नंतर सोडतो. सिमेंटने वाट बंद केली की ओल आतच राहते आणि पोपडे सुटतात. चुन्याचं काम जाणणारे गवंडी सहज मिळत नाहीत, मान्य. मग नुसते सांधे भरून चिरा उघडा ठेवा की! दिसतोही छान.

आणि दगड स्थानिक म्हणजे पर्यावरणाला धक्का नाही, असंही नाही हो. चिरेखाणी सड्यावरच (जांभ्याच्या उघड्या पठारावर) असतात आणि बारसू, देवीहसोळ, कशेळी या गावांतली कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली प्राचीन चित्रंही सड्यावरच. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. खाण संपली की खड्डा बहुतेक वेळा तसाच उघडा.

त्यापेक्षा पडक्या घरांचा जुना चिरा वापरा. माती-चुन्यात बसवलेला असेल तर अख्खा सुटतो. यावर लिहाल का पुढे?