पडल्याशिवाय हाड मोडत नाही, हे कोणी सांगितलं?

डिचोलीच्या माझ्या मावशीने भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक संदेश वाचून डॉक्टरकडे जायचं रद्द केलं. संदेश असा: ‘साठीनंतरची कंबरदुखी म्हणजे वायू किंवा दबलेली नस. पडला नसाल तर हाड मोडलेलं नाही. एक्स-रे चांगला आला की विषय संपला. गरम तेलाने कंबर रगडून, तुडवून घ्या आणि महिनाभर आडवे राहा.’

यातलं एवढं नाइलाजाने मान्य करतो की बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप कमी होते आणि ऊठसूट एमआरआय लागत नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईला हा हिशेब लावायचा नसतो.

पडल्याशिवाय हाड मोडत नाही, हे साफ खोटं. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाड इतकं विरळ होतं की चालण्या-वाकण्याचा रोजचा भारही त्याला सोसत नाही. कमरेखालचं त्रिकोणी हाड, म्हणजे त्रिकास्थी, अशीच तडकते. कित्येकदा जांघेजवळचं हाडही सोबत तडकलेलं असतं. डॉ. लॉरी यांनी १९८२ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं: म्हाताऱ्या माणसांत त्रिकास्थी आपसूक मोडते आणि ते ओळखलं जात नाही. त्याला चाळीस वर्षं उलटून गेली, तरी आपण अजून ‘कुठे पडलात का?’ एवढंच विचारून थांबतो. वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेणारे, आमवाताचे रुग्ण, ओटीपोटावर रेडिएशन झालेले, यांना धोका आणखी जास्त.

आणि अशा कमरेवर पाय देऊन तुडवायचं? तडकलेल्या हाडावर? हा सल्ला पुढे पाठवणाऱ्यांनी एकदा तरी विचार करायला हवा होता.

एक्स-रेबद्दल नीट समजून घ्या. त्रिकास्थीच्या पुढ्यात आतडी आणि त्यातला वायू असतो, हाड विरळ असतं, त्यामुळे साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा ही चीर दिसतच नाही. एमआरआयमध्ये हाडातली सूज लवकर कळते. पण तिथेही एक फट आहे: नुसता ‘कमरेचा एमआरआय’ मणक्यांवर रोखलेला असतो, त्रिकास्थीच्या दोन्ही बाजू त्यात सुटू शकतात. चिठ्ठीवर त्रिकास्थी आणि ओटीपोटाच्या हाडांचा उल्लेख करून घ्या. उभं राहिल्यावर, चालताना दुखणं वाढतं, आडवं झाल्यावर उतरतं, कुल्ल्यात किंवा जांघेत कळ येते, कमरेखाली मधोमध दाबलं की दुखतं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पायाला मुंग्या नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. या दुखण्यात नस क्वचितच दबते.

महिनाभर झोपून राहिल्याने स्नायू झडतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. सुरुवातीला थोडी विश्रांती ठीक. मग वेदनाशामक घेऊन, वॉकर धरून, डॉक्टर सांगतील तसं उठायचं.

गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात दाखवा, नाहीतर जवळच्या हाडांच्या डॉक्टरकडे. चीर सापडली तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची पातळी याच खेपेला विचारून घ्या. ठिसूळपणावर औषध सुरू झालं नाही, तर पुढचं हाड खुब्याचं असू शकतं.