ऑक्टेन जास्त म्हणजे मायलेज जास्त नव्हे

'इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, त्यामुळे मायलेज घटण्याची भीती निराधार आहे' हे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या बाजूने लिहिलेल्या लेखातलं वाक्य पटलं नाही. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची इंधनाची क्षमता. इंधनात ऊर्जा किती आहे याच्याशी ऑक्टेनचा संबंध नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये 21. म्हणजे 20 टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. जास्त ऑक्टेनचा फायदा घ्यायचा तर इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा-इंधन किती दाबलं जातं ते प्रमाण) वाढवावं लागतं. आधीच रस्त्यावर असलेल्या गाड्यांचं ते कोण वाढवणार?

माझी जुनी कार्ब्युरेटरची (हवा-इंधन ठरलेल्या प्रमाणात मिसळणाऱ्या यांत्रिक भागाची) मोटारसायकल असं मिश्रण भरल्यापासून थंड असताना अडखळते. कारण सरळ आहे: इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते आणि तेवढ्याच हवेला इंधन अपुरं पडतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला काय कळणार! मेकॅनिकने मोठा जेट (इंधन सोडणारं छिद्र) बसवल्यावर बराच फरक पडला. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. गाडी बराच काळ उभी राहिली आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं, की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. याबद्दल लेखात अवाक्षर नाही. धूर कमी होतो हे मान्य, कार्बन मोनॉक्साइड खरंच घटतो. ब्राझीलचं उदाहरण देताना मात्र तिथे 2003 पासून मुळातच फ्लेक्स-फ्युएल (पेट्रोल-इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या) बनावटीच्या गाड्या विकल्या जातात, हेही लिहायला हवं होतं.