दुखायचं थांबलं म्हणजे कीड गेली?

काल रात्री ताईने एक फॉरवर्ड पाठवला. 'दाताची कीड सात दिवसांत मुळापासून घालवा, डेंटिस्टची गरज नाही.' असले मेसेज मी एरवी उघडतही नाही. पण खाली तिने लिहिलं होतं, 'चार दिवस करतेय गं लेकाला. दुखायचं थांबलंय.' लेक सात वर्षांचा. म्हणून हे लिहिणं.

आधी सगळ्यात घातक मुद्दा. 'लवंगेचं तेल लावा. ठणका थांबला की समजा कीड मेली, खड्डा आपोआप भरून येईल.' ठणका थांबतो, तेवढं खरं. लवंगेतलं युजेनॉल जागा बधिर करतं. पण बधिर झालेली जागा बरी झालेली नसते. आणि मारायला तिथे अळी नाहीच. 'कीड' हा शब्द वापरून आपणच घोटाळा करून ठेवलाय. तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात, त्या आम्लात दातातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळतं. इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरात, जिवंत पेशी नसतात. मोडलेलं हाड जुळतं तसा दातातला खड्डा भरून येत नाही.

त्यातून ठणका काहीही न लावताही थांबतो! कीड आतल्या नसेपर्यंत पोचली आणि नस मेली, की दात गप्प होतो. मग मुळाच्या टोकाशी पू साठत राहतो आणि एक दिवस गाल सुजलेला दिसतो.

ताईला म्हटलं, टॉर्च लावून फोटो पाठव. तेलाचा बोळा ठेवलेल्या जागी हिरडी पांढरी पडून सोलली होती. दात कुठला? सगळ्यात मागचा, मधोमध मोहरीएवढा काळा खड्डा. 'दुधाचाच आहे, पडेल,' असं मेसेजही म्हणतो आणि ताईही. अगं, सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे कायमची दाढ येते. त्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. ही तीच. ही गेली की हिच्या जागी दुसरी येत नाही. आणि दुधाच्या दाढासुद्धा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर ठणकू द्यायच्या का?

मेसेजमधल्या बाकीच्या गोष्टी. तेलाच्या गुळण्या? करा हवं तर, ब्रश सोडू नका म्हणजे झालं. 'टूथपेस्टमधलं फ्लोराइड विष आहे'? जास्त गिळलं तर अपाय होतो, म्हणून तर तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट सांगतात.

राहिलं 'डेंटिस्ट उगाच ड्रिल करतात'. इथे मला नाइलाजाने थोडं मान्य करावं लागतं. डाग दिसला की ड्रिल, हे आता जुनं झालं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना बघा. दाढेच्या चावायच्या बाजूला कीड सुरू झाली आहे पण पृष्ठभाग फुटलेला नाही, तर सीलंट (दाढेच्या खाचा बुजवणारा पातळ थर) आणि ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश (दातावर लावायचा लेप). खड्डा पडला असला तरी ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे चांदी आणि फ्लोराइड असलेलं औषध वर्षातून दोनदा लावून कीड थोपवायचा पर्याय आहे. त्याने ती जागा काळी पडते, हे मात्र आधी माहीत हवं. म्हणजे ड्रिल टाळणारी बहुतेक औषधं त्याच फ्लोराइडची, ज्याला हा मेसेज विष म्हणतो.

पण यातलं काय चालेल हे आरशासमोर ठरत नाही. सुरुवातीचा खडूसारखा पांढरा डाग ओल्या दातावर दिसतच नाही, दात हवेने वाळवला की उमटतो. दोन दाढांच्या फटीतली कीड तर बऱ्याचदा एक्स-रेतच सापडते. तेव्हा विचारायचं ते डॉक्टरांना आणि तिथेच: पृष्ठभाग शाबूत आहे का? किती खोल गेलंय? न कोरता थांबलो तर परत कधी दाखवायचं?

ताईने उद्याची अपॉइंटमेंट घेतली आहे. फॉरवर्ड मात्र तिने परवाच घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली अकरा अंगठे.